सुगंधाबाईंची काडीमोड

खटकचिंचोळीच्या धनगरांत नवरा-बायकोचं पटेनासं झालं की काडी मोडतात. पंच बसतात, तुराटीची वाळकी काडी आणतात, एक टोक तो धरतो, एक ती. कट्‌कन आवाज झाला की दोघं मोकळे. कोर्टाला जे काम आठ-दहा वर्षं पुरतं, ते इथं चहा निवायच्या आत होतं. अट एकच : टोकं दोघांनी धरायची. सुगंधाबाई आपलं टोक बावीस वर्षं धरत नव्हत्या.

त्यांचा नवरा शिवाप्पा. लग्नाला सहा वर्षं होऊन पाळणा हलेना, तेव्हा त्यानं भालकीत चंद्रम्माला देवळात हार घातला, खत-बियाण्याचं दुकान टाकलं आणि तिथंच संसार मांडला. जाताना म्हणाला, "वांझोटी हायस तू, त्याला मी काय करू?" हे वाक्य तो लवकरच विसरला. सुगंधाबाईंनी जपून ठेवलं.

सूड घ्यायला लोक कोयता घेतात; सुगंधाबाईंनी कुंकू घेतलं. सासरचं घर त्यांनी सोडलं नाही. दर अमावास्येला दुकानाची पूजा असते. त्या दिवशी हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून त्या सकाळच्या बसनं भालकीला जात, दुकानात नारळ फोडत आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकाला विचारत, "काय अण्णा, आमच्या मालकानी बियाणं बरं दिलं नव्हं?" मालक युरियाच्या पोत्यांकडं बघत राहत. चारचौघांत लग्नाच्या बायकोला हाकलणं शोभत नाही, आणि शिवाप्पा शोभेला जपणारा माणूस. म्हणून तर दुसरं लग्नही त्यानं देवळात केलं होतं.

शेजारच्या माणिकरावांची मैत्रेयी भालकीच्या कोर्टात वकील आहे. घर बौद्धांचं, बोलणं सरळ.

"काकू, आमच्यात लग्न म्हंजे दोघांनी एकमेकाला दिलेला शब्द. त्यानं मोडला. मग तुम्ही कामून वझं वागवायलाव? पोटगी घ्या, मोकळं व्हा."

"तुमचा धर्म चांगला हाय गं पोरी. पण त्यात सुडाला जागा न्हाई."

"सूड घेऊन तुम्हाला काय मिळायलंय?"

"त्याला मिळंना झालंय, ते बघ की."

गावात सप्त्याला आलेले एक महाराज सांगून गेले होते की लग्नाची गाठ देवानं मारलेली असते, सात जन्म सुटत नाही. बायकांनी पदर डोळ्याला लावले. सुगंधाबाईंना मात्र हे ऐकून हुशारी आली. एका जन्मात सगळं उरकेल, अशी त्यांना खात्री नव्हती.

चंद्रम्माला दोन पोरं, तेजश्री आणि तिच्या पाठचा मुलगा. यंदा तेजश्रीचं लग्न ठरलं. पोरगी बी.कॉम. झालेली, स्थळ मादन हिप्परग्याच्या अमृतप्पाच्या मुलाचं. अमृतप्पा माळकरी, धर्माला फार कडक. पोरगी पसंत पडल्यावर त्याच्या कानावर न मोडलेली काडी गेली. त्यानं सोयरीक मोडली नाही, एवढंच म्हणाला, "कन्यादानाच्या पाटावर लग्नाची बायको बसली पाहिजे. दुसरी चालत न्हाई."

म्हणून बावीस वर्षांनी शिवाप्पा स्वतःच्या दारात उभा राहिला. सोबत तिप्पण्णा पंच, आणि तिप्पण्णांच्या हातात तुराटी.

"सुगंधाबाई, पोरीचं काम हाय," तिप्पण्णा म्हणाले. "धर एवढं टोक. मग चंद्रम्माला रीतसर हळद लावू आन् पाटावर बसवू."

"पाटावर लग्नाचीच बायको पाहिजे म्हणं?"

"व्हय."

"हाय की मग. मी येते."

शिवाप्पाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ओरडला, "तू? तू कोण लागतीस तिची?"

"तिची कोण न्हाई. तुमची लागते. अमृतप्पाला तेवढंच पाहिजे."

"पाया पडतो तुझ्या."

"पडा."

सुगंधाबाईंनी लुगडं सावरून पाय पुढं केले. तिप्पण्णांना एकदम खोकला आला आणि ते गोठ्याकडं बघू लागले. शिवाप्पा वाकला, पाया पडला, उठला. सुगंधाबाईंचे हात पदरातच होते.

"झालं? आता तारीख सांगा. वांझोटीला कन्यादान घडायलंय, लई पुण्य असतंय म्हणतात."

लग्न भालकीच्या मंगल कार्यालयात झालं. पाटावर शिवाप्पा, शेजारी सुगंधाबाई. भटजींनी उपरण्याची आणि पदराची गाठ मारली. ज्या आईनं पोरीला गोवरात सात दिवस मांडीवर धरलं होतं, ती अक्षतांचं ताट घेऊन खांबाशी उभी होती. सुगंधाबाईंनी तेजश्रीच्या हातावर पाण्याची धार सोडली. तेजश्रीनं मान वर केली नाही.

जेवणाच्या पंगतीत नवऱ्या मुलाची थोरली आत्या सुगंधाबाईंशेजारी बसली. ती पहिल्यांदाच येत होती. पाहुण्यांत बोभाटा नको म्हणून अमृतप्पानं धर्माची ती बारीक गोष्ट घरात कुणालाच सांगितली नव्हती.

"विहीणबाई, ती खांबापशी रडायलीय, ती कोण हो?"

उपरणं सुगंधाबाईंच्या पदराला तसंच सोडून वाढायला आलेल्या शिवाप्पाचा हात बुंदीच्या भांड्यातच थांबला.

"ती व्हय?" सुगंधाबाई म्हणाल्या. "आमच्या मालकाकडं कामाला असती. पोरगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली, म्हणून जीव तुटायलाय बिचारीचा."

आत्या मायाळू होती. तिनं उठून पिशवीतला एक खण काढला आणि चंद्रम्माच्या हातावर ठेवला. "रडू नको बाई. पोरीला चांगलं घर मिळालंय." चंद्रम्मानं शिवाप्पाकडं पाहिलं. त्याच्यामागं अमृतप्पा उभा होता. शिवाप्पानं बुंदी वाढली आणि पुढच्या पानाकडं गेला. चंद्रम्मानं खण घेतला.

वरात निघून गेल्यावर ती सुगंधाबाईंपुढं येऊन उभी राहिली. खण अजून मुठीत होता.

"अक्का, झालं न्हवं मनासारखं? आता तरी काडी मोडा. मला एक दिवस तरी लग्नाची म्हणून जगू द्या."

"कामून गडबड करायलीस?" सुगंधाबाई पदराची गाठ सोडत म्हणाल्या. "धाकट्याचं लग्न व्हायचंय की अजून."