ओल्या पावलाचे माप

आमच्या आजोबांनी केलेल्या खडावा माझ्या थोरल्या चुलतभावाला मिळाल्या. मला मिळाल्या नाहीत. तो निवृत्त होऊन काशीला परतल्यापासून आम्ही ब्रह्माघाटावरच्या एकाच घरात राहतो. तो वर, मी खाली. पहाटे तो गंगेवर जायला निघाला की खडावांचा आवाज माझ्या डोक्यावर सुरू होई, जिना उतरे आणि माझ्या दारावरून जाई. अशा आवाजाची माणसाला सवय होते, असे म्हणतात. मला झाली नाही.

आजोबा सुतार होते. गल्लीतली बहुतेक घरे वैदिकांची आणि उपाध्यांची. त्यांचे पाट, चौरंग, देव्हारे आजोबांच्या हातचे. परंतु त्यांचे नाव झाले ते खडावांमुळे. खडाव दिसायला सोपी वस्तू आहे: पावलाएवढी फळी आणि तिच्यात अंगठ्यासाठी एक खुंटी. ही खुंटी जवभर मागेपुढे झाली, तर आठवडाभरात अंगठ्याची साल निघते. आजोबांच्या खडावांनी कुणाची साल निघाल्याचे मी ऐकले नाही.

ते कुणाला पाय पुढे करायला सांगत नसत. माप देताना माणूस पाऊल चोरतो, असे त्यांचे म्हणणे होते. गिऱ्हाईक स्नान करून घाटाच्या पायऱ्या चढू लागले की आजोबा चार पायऱ्या मागे राहून चालत. दगडावर उमटलेले ओले पाऊल वाळायच्या आत ते वाकत आणि केरसुणीची एक काडी टाचेपासून बोटांपर्यंत धरून मोडत, दुसरी टाचेपासून खुंटीच्या जागेपर्यंत. दोन्ही काड्या कमरेला खोचत. ज्येष्ठात दगड तापलेला असे आणि पाऊल बघता बघता उडून जाई. एका मापासाठी दुसऱ्यांदा वाकलेले मी त्यांना पाहिले नाही.

माझे बालपण त्यांच्या पडवीत गेले. फळीचे दुसरे टोक मी धरीत असे. शिसवाचा भुसा कोणता आणि आंब्याचा कोणता, हे मी डोळे मिटून सांगत असे. काम संपल्यावर ते मूठभर भुशाने हात चोळीत आणि उरलेला भुसा माझ्या तळहातांवर टाकीत. ते प्रेमाने बोलल्याचे मला आठवत नाही, भुसा आठवतो. भाऊ त्या वेळी मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, पोरांबरोबर नदीत असे. पडवीत तो जेवायला बोलावण्यापुरता डोकावे.

घरातल्या मुलाला खडावा मिळत त्या पाऊल वाढायचे थांबल्यावर. भाऊ माझ्याहून मोठा. त्याला आधी मिळाल्या, हे रीतसरच झाले. शिसवाच्या होत्या. पहिल्याच महिन्यात तो त्या आखाड्यात विसरून आला आणि त्या शोधायला मला जावे लागले. माझी पाळी येईल म्हणून मी थांबलो. पुढे एका दिवाळीला मागच्या वर्षीच्या चपला पायांत बसल्या, तेव्हा मी पडवीत जाऊन सांगितले, "आजोबा, माझं पाऊल थांबलं."

"बरं," ते म्हणाले आणि रंधा मारीत राहिले.

त्यानंतर त्यांनी अनेकांच्या खडावा केल्या. माझ्या केल्या नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना आम्ही मणिकर्णिकेवर पोचवले. मी इथेच रेल्वेच्या कचेरीत लागलो आणि जन्मभर हे घर सोडले नाही. भाऊ आधी कलकत्त्याला गेला, मग नागपूरला. खडावा त्याने बरोबर नेल्या.

या कार्तिकात त्याचे पाय सुजले. डॉक्टरांनी खडावा बंद करायला सांगितल्या. त्याने त्या पंचात गुंडाळून सुनेबरोबर माझ्याकडे धाडल्या. मी दार लावून घेतले आणि त्या पायांत घालून पाहिल्या. माझी टाच मागे बाहेर राहिली. खुंटी अंगठ्याच्या बुडाशी रुतली. दार उघडून मी त्या परत द्यायला वर गेलो.

"बसल्या?" भावाने खाटेवरूनच विचारले.

"नाही."

"बसणार नव्हत्याच. आजोबांनी घेतलेलं माप, बाबू. मला वाटलं, निदान ठेवून घेशील. इतकी वर्षं डोळा आहे तुझा त्यांच्यावर."

हे त्याला ठाऊक असेल अशी माझी कल्पना नव्हती. मी खडावा खाटेखाली ठेवायला वाकलो, तेव्हा तो म्हणाला, "तुझंही माप घेतलं होतं त्यांनी."

मी उभा राहिलो.

"मी घाटावर होतो. तू नाहून वर गेलास, ते मागून आले. काड्या मोडल्या, कमरेला खोचल्या. मग तिथंच बसले. म्हणाले, 'हा पुस्तकं वाचतो. हा काशीत राहायचा नाही. दिल्ली-मुंबईच्या कचेरीत खडावा घालून कोण हिंडतं? उगाच लाकूड वाया.' आणि दिल्या काड्या गंगेत सोडून."

"आणि तुझ्याबद्दल?"

"माझ्याबद्दल म्हणाले, 'हा कुठं मरायला जातोय? बांधलेली नाव आहे ही.'" तो खोकेपर्यंत हसला.

"हे तू मला आज सांगतोस, दादा?"

"तू विचारलंस कधी?"

आजोबांनी शेकडो पावले मापली असतील. त्यांत एक माप चुकले, आणि ते पावलाचे नव्हते. हे मी समजू शकतो. सुताराला लाकूड कळते, पुढचे कळत नाही. मला समजत नाही ते एवढेच, की पडवीत वर्षानुवर्षे त्यांच्याजवळ मी बसलो, आणि माझ्याविषयी ते बोलले ते याच्यापाशी.

भाऊ अजून हसत होता. खडावा मी परत द्यायला गेलो होतो. खाली उतरलो तेव्हा त्या माझ्या काखेत होत्या. माझ्या पायांत त्या बसत नाहीत. निदान आता त्याच्याकडे नाहीत.