पांढऱ्या साडीचं गिऱ्हाईक

त्या हिवाळ्यात माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. बोंडअळीनं आमच्या कपाशीच्या पऱ्हाट्या पोखरल्या होत्या, वेचायला फारसं काही उरलं नव्हतं, आणि शेवटचा वेचा झाला की आर्णीच्या स्थळाला होकार कळवायचा, असं बाबांनी सांगून टाकलं होतं. मला लग्न नको होतं, धंदा हवा होता, तोही मोबाइलवरचा. फक्त विकायचं काय, ते ठरत नव्हतं.

रेंज स्लॅबवरच यायची, म्हणून माझं दिवसभर वर-खाली. व्हिडिओतला माणूस सांगायचा, जिथे गिऱ्हाईक आहे पण दुकान नाही असा कोपरा शोधा. मी शोधत सुटले. सकाळी कुत्र्यांचे स्वेटर, दुपारी वजन घटवायची पावडर, संध्याकाळी डावखुऱ्यांच्या कात्र्या. आमच्याकडे कुत्री उकिरड्यावर झोपतात आणि वजन घटवायला कापूस पुरेसा आहे. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी लागली. खोटं नव्हतं. रोज नवीन काहीतरी सुचायचं आणि रोज भीती वाटायची की वेळ संपत आला.

मग एकदा आईबरोबर दिग्रसला साडी घ्यायला गेले. आम्ही बौद्ध. विहारात जायला, जयंतीला आमच्या बाया पांढरी साडी नेसतात. लग्नात नवरीसुद्धा पांढऱ्यातच. आईनं पांढरी साडी मागितली, तर दुकानदारानं आवाज हळू करून विचारलं, "कोण गेलं, बाई?" कोणी नाही, पौर्णिमा आहे, आई म्हणाली. त्यानं तरीही विधवांच्याच साड्या काढल्या. मला असा राग आला! आईला नवल नव्हतं, ती वर्षानुवर्षं हेच ऐकत आली होती. बसमध्ये बसेपर्यंत राग उतरला आणि व्हिडिओतल्या माणसाचं बोलणं आठवलं. गिऱ्हाईक होतं, दुकान नव्हतं.

मग स्लॅबवर बसून तेवढंच शोधलं. नवरीची पांढरी साडी, निळ्या काठाची, विचारणाऱ्या बाया उमरखेडपासून नागपूरपर्यंत होत्या, देणारं कोणी धड नव्हतं. पोरांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एक नमुना मागवला. फोटो काढून मोबाइलवर टाकायचा, एवढाच बेत. घरात बोलले नाही, आधीच्या स्वेटर-कात्र्यांवरून पुरेसं हसं झालं होतं.

पार्सल आलं तेव्हा मी दळण आणायला गेले होते. परतले तर ओसरीत मावशी, काकू, शेजारच्या बाया, मधोमध उलगडलेली साडी, आणि आईचे डोळे भरलेले. पोरगी तोंडानं बोलली नाही, पण लग्नाची साडी मागवून हो म्हणाली, असा सगळ्यांनी अर्थ लावला होता. बाबांनी तर आर्णीला कळवूनही टाकलं होतं.

"लग्नाची नाही हे," मी म्हटलं. "विकाची आहे."

मावशीनं साडीवरचा हात काढून घेतला. आईकडे मला बघवेना. बाबांनी आर्णीला फोन लावला आणि माझ्यापुढे धरला.

"मंग तूच सांग त्याइले. मी कोन्त्या तोंडानं सांगू?"

पलीकडे मुलाची आई होती. दुकानदार, धंदा, नमुना, आणि आत्ता मी लग्न करणार नाही, सगळं एका दमात सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त काठ कसा आहे, ते विचारलं. निळा, मी सांगितलं.

"मंग थे साडी कोणाले देऊ नको," त्या म्हणाल्या. "पोरगी आमी दुसरी पाहू, पण साडी थेच पाह्यजे."

मला हसू यायला हवं होतं, पण मनाला थोडं लागलंच. काय म्हणाल्या, बाबांनी विचारलं.

साडी विकली गेली, मी सांगितलं.