पंच्याण्णव

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला धाकट्या बहिणीचा रिपोर्ट आठवतो. ती दुसरीत होती, वर्गात दोन मिनिटंही एका जागी बसत नसे, म्हणून शाळेनं तिची तपासणी करायला सांगितली होती. राजारामपुरीतल्या दवाखान्यातल्या मॅडम सोमवारी रिपोर्ट समजावून सांगणार होत्या, पण पप्पांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी काउंटरवरच पाकीट फाडलं. इंग्रजी मजकुरातला आकडा तेवढा त्यांना कळला. "पंच्याण्णव! आणि शाळावाले म्हणत्यात, पोरीत खोट हाय!" बाकावरची माणसं वळून बघू लागली. मम्मीनं डोळे पुसले आणि कागद माझ्या हातात दिला. "वाच की गं, इंग्लिश मीडियमला कशाला घातलंय तुला?" मी वाचलं. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांपेक्षा ती जास्त अस्थिर आहे, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता. पण पप्पा कित्येक महिन्यांनी हसत होते. मी म्हणाले, "हो, पंच्याण्णवच आहेत." समोरच्या दुकानात त्यांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. धाकटी माझा हात ओढत विचारत राहिली, "दीदी, मी पास झाले?" सोमवारी कुणीच गेलं नाही, एवढं चांगलं आलंय, मग कशाला जायचं, असं पप्पा म्हणाले. यंदा ती दुसऱ्यांदा नववीत बसली आहे. परवा कपाटात तिलाच तो कागद सापडला. तिनं तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "तू तेव्हा कितवीत होतीस, दीदी?" मी म्हणाले, "अकरावीत."