दादाने फरशीवर मारलेल्या खुणा

वहिनींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मांजरीचंच काहीतरी असणार. गेले कित्येक आठवडे कळंबोलीच्या त्या घरातून दुसरी बातमीच येत नव्हती. आज गंजूने डोळा उघडला, आज ड्रॉप घालू दिले नाहीत, आज गळ्यातली प्लास्टिकची कॉलर ओरबाडून काढली... म्हणून मी वैतागूनच विचारलं, "आता काय केलं तिने?" वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमचा दादा गेला." माझा थोरला भाऊ चहा पिऊन आपल्या खुर्चीत बसला आणि बसल्या जागी गेला. सानपाड्याहून कळंबोलीला पोचेपर्यंत मी टॅक्सीत त्या मांजरीलाच शिव्या घालत होते. कोणाला तरी घालायच्याच होत्या.

दादाची सगळी नोकरी लोखंड बाजारातल्या एका गोदामात गेली. कुठला माल कुठे उतरवायचा, त्याच्या पिवळ्या ऑइलपेंटच्या खुणा तो स्वतः जमिनीवर मारायचा आणि खुणेबाहेर काही ठेवू द्यायचा नाही. तिथल्याच एका ट्रकखाली त्याला हे पिल्लू सापडलं. रंग गंजलेल्या पत्र्याचा, म्हणून नाव गंजू. मोठी होता होता तिची बुबुळं दुधाळ झाली, पण घरभर ती अशा तोऱ्यात हिंडायची की कोणाला शंकाच आली नाही. चौदा एप्रिलच्या साफसफाईत वहिनींनी टीपॉय खिडकीकडे सरकवला आणि गंजू धावत येऊन त्यावर धाडकन आपटली. तेव्हा कळलं, हिला दिसतच नव्हतं. ती घर पाठ करून चालत होती. दुसऱ्याच दिवशी दादाने गोदामातला पिवळा डबा आणला आणि कपाट, टीपॉय, स्वतःची वेताची खुर्ची, सगळ्यांच्या पायांभोवती फरशीवर खुणा मारल्या. वहिनी भडकल्या. "हे घर हाय का गोडाऊन?" दादा म्हणाला, "तिला पाठ हाय ते हलवायचं नाय." झालं, विषय संपला.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लहानपणी डोळ्यांना आलेल्या सुजेमुळे मोतीबिंदू झालाय. मांजरांत तो तसा कमीच होतो. आतला पडदा शाबूत असला तर ऑपरेशन करता येईल, पण खात्री देता येत नाही. आंधळं मांजरही मजेत जगतं, हेही त्या म्हणाल्या. दादाला मात्र तिला दिसू शकतं एवढंच ऐकू आलं. नेमकं त्याच सुमारास त्याच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि त्याला अँजिओग्राफी करायला सांगितलं होतं. मी फोन करकरून भांडायचे. दादा म्हणायचा, "बेबी, तिचे ड्रॉप संपू दे गं. माझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नाय ती. मग लगेच ॲडमिट होतो."

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यातलं प्रेशर नंतर वाढलं आणि तो कायमचा गेला. उजवा राहिला. गंजू पहिल्यांदा खिडकीतल्या कबुतरावर झेपावली तेव्हा दादाने मला व्हिडिओ कॉल केला. आमचे अण्णा वारले तेव्हाही न रडलेला हा माणूस, त्याला मोबाइल धड धरता येत नव्हता. मी म्हटलं, "दिसलं ना तिला? आता उद्या तू जा." "एवढा आठवडा..." म्हणाला. तो आठवडा पुरा झाला नाही.

उरलेले ड्रॉप मी घातले. वहिनींचे हात थरथरतात. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, मान धरायची, बोचकारून घ्यायचं. मांजरीच्या एका डोळ्यासाठी माझा भाऊ गेला, हे डोक्यातून जात नव्हतं. की दवाखान्याला घाबरत होता आणि मांजराचं निमित्त करत होता? आता हे विचारू कोणाला? कळंबोलीत बसवत नव्हतं म्हणून सानपाड्याला पळायचे, तिथेही बसवत नव्हतं म्हणून परत यायचे. वहिनी म्हणायच्या, "ताई, टेका जरा." मी उभ्यानेच चहा प्यायचे.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं बसवायला आम्ही सगळं सामान हलवलं. ती वेताची खुर्ची तर वहिनींनी देऊनच टाकली, त्यांना ती बघवत नव्हती. गेल्या रविवारी मी थिनरची बाटली घेऊन गेले. खुणांची आता गरज काय? टीपॉय दुसऱ्याच जागी आहे आणि गंजू त्याला बरोबर वळसा घालून जाते. चिंधी भिजवून मी खुर्चीच्या खुणांपाशी वाकले, तेवढ्यात ती आली. पूर्वी दादाच्या खुर्चीखाली बसायची तशी त्या चार पिवळ्या खुणांच्या मधोमध बसली आणि उजवा डोळा माझ्यावर रोखला. खुर्ची नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"सरक गं," मी म्हटलं.

ती सरकली नाही. मी बाटलीचं झाकण लावलं आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात, तिच्या शेजारी फरशीवर, बसले.