चिंचेने घासलेला सेंट

शनिवार, ११ ऑक्टोबर. शॉमबर्ग, दामले काकांचं बेसमेंट. हजर: दामले काका, टॉम, लिंडा, मी. काकू गेल्यानंतरची पहिली बैठक.

आमच्या नाण्यांच्या क्लबची नोंद मी नेहमी अशीच सुरू करते. खाली विषय, मग कोणी काय करायचं ते. पण आज जे लिहितेय ते नोंदीत बसणारं नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण... कारण राहू दे. सांगते.

आम्ही अमेरिकेचे अगदी सुरुवातीचे तांब्याचे सेंट ओळखतो. तेव्हा नाणं पाडायचा प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरायचा, त्यामुळे एकाच सालच्या दोन नाण्यांतही फरक निघतो — इथे पान अक्षराच्या जरा खाली, तिथे केसांची बट आकड्याला टेकलेली. भिंग धरायचं आणि हे नाणं कोणत्या ठशाचं ते सांगायचं. मला हा नाद काकांनी लावला. काका निवृत्त डॉक्टर, मूळचे सांगलीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "एक लक्षात ठेव. जुनं तांबं घासायचं नाही. काळं तर काळं. घासलं की मेलं."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते — अजाणतेपणाचा आडोसा नको.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर काकांनी त्यांचा सतराशे चौऱ्याण्णवचा सेंट माझ्याकडे दिला. "घरी ने, निवांत बघ. मला काही ठसा ओळखता येत नाहीये." मागच्या बाजूला पानांचा हार असतो, त्यात एका जागी फळ आहे की नाही, यावर सगळं अडलं होतं. आणि नेमकं तिथेच काळं किटण. सिंकमध्ये देवाचं ताम्हन आणि पळी चिंच-मीठ लावून ठेवलेली. बोटाला चिंच होतीच. मला काकांच्या आधी उत्तर हवं होतं — दुसरं काय? एवढंसं, फक्त त्या फळापुरतं घासलं. मग तेवढाच भाग वेगळा दिसायला लागला, म्हणून बाकीचंही घासलं.

फळ होतं. नाणं मात्र नव्या पळीसारखं गुलाबी झालं.

मी ते पाकिटात घालून परत दिलं आणि ठसा कोणता ते सांगितलं. फराळाला माणसं आलेली. काकांनी पाकीट न उघडताच ड्रॉवरमध्ये ठेवलं. "शाब्बास. याद्या करणाऱ्या बाईची नजर आहे ही." तेव्हा बोलायला हवं होतं ना? मी चकली खाल्ली.

पुढच्या वेळी गेले तर नाणं टेबलावर, आणि समोर सुमनकाकू उभ्या.

"हा रंग चिंचेचाच," काका म्हणत होते. "या घरात देवाची भांडी घासतं कोण?"

काकूंचा चष्मा त्या सुमारास सारखा हरवायचा. एकदा गॅस चालू राहिला होता; त्यावरून घरात थट्टाही चालायची. त्यांनी नाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "घासलं असेल मीच. देवाचं वाटलं असेल मला."

काका माझ्याकडे वळले. "तूच सांग हिला. असं करतात का?" माझं नाव त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं; मी तर डाळींच्या डब्यांनाही लेबलं लावणारी. मी म्हणाले, "जाऊ दे ना काका. होतं असं."

म्हणजे बघा — मी काकूंना माफ केलं.

विसरणं पुढे खरंच आलं. पण त्या दिवशी त्या काहीही विसरल्या नव्हत्या. विसरण्यासारखं काही घडलंच नव्हतं. स्वतःच्या हातांवरचा त्यांचा विश्वास तिथून उडाला असं मला वाटतं — वाटतं, की माहीत आहे? काकूंना तपासताना डॉक्टरांनी "कधीपासून?" विचारलं, तेव्हा काकांनी या नाण्यापासून सुरुवात केली. मी शेजारच्या खुर्चीत होते. गाडी मीच चालवत नेली होती. त्यानंतर मी कधीही गेले की काकू दोन्ही तळवे उघडून दाखवायच्या. "मी कशाला हात नाही लावला हं." आधी हसत. नंतर न हसता. मी त्यांच्या औषधांचे डबे वार लिहून लावून द्यायचे. लोक म्हणायचे, किती करते ही.

शनिवारी काकांनी तो सेंट काढला. "हे कोणी केलं?" टॉमने विचारलं. काकांनी सगळी गोष्ट सांगितली, अगदी मायेने. लिंडाने डोळे पुसले. मीही मान हलवली.

आमच्यात प्रत्येक नाण्याच्या छोट्या कागदी पाकिटावर त्याच्या ठशाचा क्रमांक लिहितात आणि ते कोणाकोणाच्या हातून गेलं तेही. काकांचा हात आता थरथरतो. त्यांनी नवं पाकीट माझ्या हातात दिलं. "वर ठसा लिही. खाली लिही — सुमनने देवाचं समजून घासलं. मी गेल्यावर नाणं कुठेही जाईना का, तिचं नाव बरोबर जाईल."

"घरी नेऊन नीट अक्षरात लिहिते," मी म्हणाले.

ठशाचा क्रमांक लिहून झालाय. खालची ओळ राहिली आहे.