बापूची वायर

विजेचं काम माणसाला सचोटी शिकवतं, असं मी सत्कारांच्या भाषणांत नेहमी सांगतो. परवा सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबचा वास आला आणि मला स्वातंत्र्याच्या आधीची सांगली आठवली. तिथे एका व्यापाऱ्याच्या नव्या घरात मी आणि बापू वायरिंग करत होतो. घरभर ओल्या चुन्याचा वास होता. वीज यायला अजून महिना होता. पुढच्या, साताऱ्याच्या मोठ्या कामावर आम्हा दोघांपैकी एकजण मुकादम होणार होता.

बटणांच्या लोखंडी पेटीत वायर जिथे शिरते, तिथे मी ती पट्टीने करकचून आवळायचो. बापू आधी वायरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि मग बेताने आवळायचा, म्हणजे पेटीची धार तिला कापत नसे. आमचे मिस्त्री घरमालकाला ते तुकडे दागिन्यांसारखे दाखवायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी बापू भाकरी खायला गेला, तेव्हा त्याची वायर उपटावी म्हणून मी दोन्ही हातांनी तिला चक्क लोंबकळलो. ती सूतभरही हलली नाही. इतक्या निष्ठेने मी माझी वायर कधी तपासली नव्हती, हे आज कळतं.

"काय रं गड्या, झोकं घ्याय लागलाईस व्हय?" बापू दारातच उभा होता.

"पक्की हाय का बघतुय," मी म्हणालो.

त्याला ते खरं वाटलं. मिस्त्रींना त्याने कौतुकाने सांगितलं, "आवं, ह्यो माझं कामबी लय जीव लावून तपासतुय."

साताऱ्याला बापू मुकादम झाला. त्याने बसवलेली प्रत्येक वायर ओढून बघायचं काम मला मिळालं.