बह्यांची जागा वाढवली तो दिवस

आमच्या घरात सतरा बह्या होत्या. आता सोळा आहेत.

बही म्हणजे लाल कापडात बांधलेली लांबट वही. काशीला तीर्थाला किंवा अस्थी घेऊन आलेला यजमान आपल्या पुरोहिताच्या बहीत स्वतःच्या हाताने गाव लिहितो, बापाचं, आजाचं, मुलाबाळांचं नाव लिहितो आणि खाली सही करतो. पुढे त्याच्या घरातलं कोणी आलं की नुसतं गावाचं नाव सांगतं. आमचे हे दशाश्वमेध घाटावरच्या लाकडी चौकीवर बसून बरोबर ते पान उघडतात. पणजोबांची सही बघून माणसं रडतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी गंगा चढली आणि पाणी आमच्या खालच्या कमऱ्यात आलं. पेटीत सगळ्यांत खाली असलेली बही भिजली. गच्चीवर वाळवली, पण पानं एकमेकांना चिकटली, बुरशी धरली, शाई फुटली. सुनेने एकेका पानाचा फोटो काढला. मी भरतकामाच्या बोथट सुईने पानं सोडवून देत होते. चार दिवस लागले. मग ह्यांनी ती बही नावेतून मधल्या धारेत नेली आणि सोडली. नासलेली बही घरात ठेवत नाहीत आणि रद्दीत तर देतच नाहीत, अशी आमच्या घरची रीत आहे. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते.

त्या बहीत माझ्या वडिलांचं पान होतं. ते आजोबांच्या अस्थी घेऊन इथे आले होते. मी तेव्हा गावीच होते. त्यांनी दोन्ही भावांची नावं लिहिली आणि खाली माझं. पुढे लिहिलं, ‘वय अकरा, चौथी पास.’ भावांच्या नावापुढे शिक्षणाचं काही नाही. त्या ओळखीतून पुढे आठ वर्षांनी माझं लग्न ह्या घरात झालं. वडील कधी पत्र लिहीत नसत, गावातल्या कोणाकडून तरी निरोप पाठवत. त्यांचं अक्षर जगात त्या एका पानावर होतं आणि ते पान गंगेत गेलं. राहिला तो फोटो.

पुढे सुनेने बाकीच्या बह्यांचेही फोटो काढले. ते सगळे सर्व्हरवर ठेवलेले आहेत. दूर कुठेतरी मोठ्या कॉम्प्युटरांची कोठी आहे, त्यातला एक हिस्सा आपण भाड्याने घेतलाय, असं सून सांगते. ती घरूनच अशी कामं करते. तिने माझ्या मोबाइलवर एक लाल चौकोन करून दिलाय, त्यावर बोट ठेवलं की बह्या उघडतात. दुपारी सगळे आडवे झाले की मी ते पान बघत असे. हे कोणाला ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

मागच्या थंडीत रामनगरच्या चुलत दिरांनी त्यांच्याही बह्या फोटोला दिल्या आणि सर्व्हरवरची जागा संपली. सुनेने मोठी जागा घेतली. तरी दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती कॉम्प्युटरपुढे कपाळाला हात लावून बसली होती. मी शेजारी निमोन्यासाठी, म्हणजे वाटलेल्या मटाराच्या रश्शासाठी, मटार सोलत होते.

“आई, बघा ना. पंचवीस जीबीचे ऐंशी करून घेतले, तर हा अजून पंचवीसच म्हणतोय. वर भरलंय भरलंय म्हणून ओरडतोय.”

पलंगावरून हे म्हणाले, “जागा दिली नसेल त्यांनी. फसवलं तुला.”

“दिली आहे, बाबा. ही बघा, शेवटी मोकळी पडलीय. पण फोटोंचा जो हिस्सा आहे त्याची हद्द जुनीच आहे. ती ओढून मोठी करायला लागते. आणि मध्ये हा एक छोटा तुकडा आडवा बसलाय.”

तिने पडद्यावर बोटाने दाखवलं. आधी मोठा हिस्सा, मग लहानसा तुकडा, मग मोकळी जागा.

मला ते लगेच कळलं, ह्याचंच नवल वाटलं. आमच्या बह्यांत तसंच होतं. प्रत्येक गावाच्या मागे कोरी पानं सोडलेली असतात. ती भरली की पुढे दुसरं गाव लागतं. बहीच्या शेवटी कितीही कोरे कागद जोडले, तरी मधल्या गावाला त्यांचा उपयोग नाही. तेव्हा सगळी शिवण उसवून पानं नव्याने लावावी लागतात.

“त्या तुकड्यात काय आहे?” मी विचारलं.

“काही नाही. मशीनला काम जास्त झालं की थोडं सामान तिथे टेकवतं. तो मिटवते. मग मोठ्या हिश्शाची हद्द मिटवून नवी आखते. आतलं तसंच राहतं.”

“हद्द मिटवून?”

“हो. सुरुवात जिथे होती तिथूनच पुन्हा धरायची, बस.”

हे हसले. “भाड्याचं घर आणि निघाली भिंती पाडायला! घरमालक काय म्हणेल?”

“घरमालकच सांगतो असं करा म्हणून, बाबा. दस मिनट का काम है.”

तिने बोटं चालवायला घेतली. माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती तोंडातून निघेना. आमच्याकडे बही जिल्दसाजाकडे, म्हणजे वह्या शिवणाऱ्याकडे, उसवायला द्यायच्या आधी सगळ्या पानांची नक्कल हाताने काढतात. सासरे असताना एकदा तसं झालेलं मी पाहिलंय. महिनाभर ते लिहीत होते. जिल्दसाज रोज दारात येऊन विचारायचा, “पंडितजी, आता तरी द्या.” पण नक्कल झाल्याशिवाय त्यांनी दोऱ्याला हात लावू दिला नाही. आता कॉम्प्युटरातलं मला काय कळतं? सून बारावीच्या पुढे पाच वर्षं शिकलेली. मी मटाराची एकच शेंग हातात धरून बसले होते.

“आई, दाणे नाहीत का तिच्यात?” सुनेने विचारलं.

तेव्हा मी बोलले. “नक्कल काढलीस का?”

ती थांबली. “म्हणजे?”

“उसवायच्या आधी काढतात ना. फोटो आणखी कुठे आहेत का?”

“माझ्या मोबाइलवर होते. तो भरला म्हणून पुसले...” तिने कॉम्प्युटरवरची बोटं उचलली. मग म्हणाली, “बाकीच्या बह्या घरात आहेत, त्यांचे पुन्हा काढता येतील. पण सतरावी...”

ह्यांनी पलंगावरून पाय खाली सोडले.

सुनेने आतापर्यंतचं सगळं बंद केलं. संपूर्ण सर्व्हरची आहे तशी नक्कल त्याच कोठीत काढून ठेवायची सोय असते, ती वापरली. अर्धा तास गेला. हे मध्येच म्हणाले, “तुझ्या सासूच्या नादी लागलीस तर दस मिनट का काम संध्याकाळपर्यंत जाईल.” पण त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता.

मग तिने तुकडा मिटवला, हद्द मिटवली, नवी आखली आणि सर्व्हर पुन्हा सुरू करायला लावला.

तो सुरू होईना. एकदा, दोनदा. पडद्यावर काळ्यावर पांढरी दोन ओळी अक्षरं आली आणि तिथेच थांबली. मी माझा मोबाइल घेऊन लाल चौकोनावर बोट ठेवलं. नुसतं गोल फिरत राहिलं. वडील गेल्याची तार आली होती तेव्हा मी चुलीपुढे होते आणि उठले नव्हते, तशीच आताही बसून राहिले.

“मी सुरुवात चुकीची धरली,” सून म्हणाली. “मशीनने आपणहून एक आकडा सुचवला, मी हो म्हटलं. जुना आकडा वेगळा होता.”

“मग आता?” हे म्हणाले.

“आईंची नक्कल आहे ना.”

तिने नक्कल परत बसवली. ह्या वेळी जुना आकडा आधी कागदावर लिहून घेतला आणि मला म्हणाली, “आई, मी टाइप करते, तुम्ही कागदावरून एकेक बघून सांगा.” मी एकेक आकडा मोठ्याने वाचला. ह्या घरात इतक्या मोठ्याने मी क्वचितच बोलले असेन. मग तिने हद्द शेवटपर्यंत ओढली, आणि ती वाढलेली हद्द फोटो जिथे लावलेले असतात त्या आतल्या कपाटालाही कळावी म्हणून आणखी एक आज्ञा दिली. सर्व्हर सुरू झाला. ऐंशी दिसले.

मी लाल चौकोन उघडला आणि न बोलता त्या पानावर गेले. सून मागून वाकून बघत होती.

“हे कोणाचं पान?”

“माझ्या वडिलांचं.”

“पहले क्यों नहीं बताया, आई? मी अशी बेफिकीर राहिले असते का?”

मी मटार पुढे ओढले.

हे म्हणाले, “सतरावी नवी शिवून घेऊ. ह्या फोटोंवरून नक्कल काढून ठेवायला हवी, हाताने. माझा हात आता कापतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू काढ.”

आमच्या बह्यांत घरातल्या बाईने कधी लिहिलेलं नाही. “माझं अक्षर चौथीतलं,” मी म्हणाले.

“तुझ्या वडिलांनी लिहून ठेवलंय, चौथी पास. आमच्या बहीत लिहिलेलं कोणी खोटं ठरवत नाही.”

मला वाटत होतं, ह्यांना ते पान आठवत नसेल.

रोज दुपारी दोन पानं होतात. सून फोटो मोठा करून समोर ठेवते, जे लागत नाही ते हे वाचून देतात. वडिलांचं पान एकशे बारावं आहे. आधी तेच लिहून टाका, असं सून म्हणाली होती. पण मी क्रमानेच जाते आहे. आज बेचाळिसावं झालं.